न्यायाधीश आणि विश्वस्तपद : या चुका टाळा

कोकणात घरातलं कुणी न्यायाधीश झालं की गावाकडून दोन गोष्टींची गळ हमखास पडते: देवस्थानाच्या ट्रस्टवर नाव द्या, आणि काकांच्या मृत्युपत्रात एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा) म्हणून तुम्हीच राहा. दोन्ही मागण्या विश्वासाने येतात, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं.

"पद मानद आहे, मग हरकत काय?" इथेच पहिली चूक होते. प्रश्न मानधनाचा नाही. विश्वस्त दुसऱ्याच्या मालमत्तेला जबाबदार असतो आणि वाद झाला की नावानिशी पक्षकार होतो. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची लेखी माहिती, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. मानकऱ्यांत दोन तट असले की तिथेच हरकत येते. देवस्थानाची शेतजमीन १० वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. चेंज रिपोर्टचे तंटे तर पुढे जिल्हा न्यायालयात येऊ शकतात, म्हणजे सहकाऱ्याच्याच टेबलावर.

जीर्णोद्धाराच्या पावतीपुस्तकावर 'अध्यक्ष : मा. न्यायाधीश' असं छापणं तर त्याहून घातक. ज्याचा दावा कोर्टात चालू आहे, त्याला ती पावती नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी स्वीकारलेल्या न्यायिक जीवनमूल्यांत निधी मागण्याला, स्वीकारण्याला आणि कायद्याशी संबंध नसलेल्या संस्थेची निवडणूक लढवण्याला स्पष्ट मनाई आहे. ती मूल्यं वरिष्ठ न्यायालयांसाठी असली, तरी तालुक्याच्या न्यायाधीशानेही तोच दंडक पाळावा.

"प्रकरण माझ्यापुढे आलं तर सुनावणीतून बाजूला होईन" हा उपाय अपुरा आहे. देवगडसारख्या लहान ठिकाणी दावा दुसरीकडे पाठवावा लागतो आणि हेलपाटे पक्षकारांना पडतात.

सर्वांत फसवी चूक घरच्या मालमत्तेत होते: "आधी जरा बघतो, मग सोडतो." भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम १० नुसार विश्वस्तपद स्वीकारायची सक्ती कुणावर नाही. पण स्वीकार कृतीतूनही होतो. ट्रस्टमधल्या हापूसच्या बागेचं यंदाचं पीक व्यापाऱ्याला दिलं, पैसे खात्यात भरले, की झाला स्वीकार. मग कलम ४६ प्रमाणे सुटका तीनच वाटांनी: न्यायालयाची परवानगी, सज्ञान लाभार्थींची संमती किंवा न्यासपत्रातली (ट्रस्टच्या दस्तातली) तरतूद. आणि ते न्यायालय बहुधा आपल्याच जिल्ह्याचं असतं! एक्झिक्युटरला मात्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २३० ने सहीच्या लेखाने नकार देता येतो. हा लेख इस्टेटीला हात लावण्याआधी द्यावा.

सामाईक सातबाऱ्यावर स्वतःचं नाव असेल तर भावाच्या अल्पवयीन मुलाचं पालकपद घेऊच नये. वाटणीत त्याचं हित आणि आपलं हित समोरासमोर येतं. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श संहितेत (नियम ३.८) न्यायाधीशाला कुटुंबीयांपुरती मुभा आहे, पण कारवाई आपल्यापुढे येण्याची शक्यता असेल, तर तीही नाही.

घरचं काम घ्यायचंच असेल तर आधी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत उच्च न्यायालयाकडे लेखी विचारावं आणि उत्तर येईपर्यंत एकाही कागदावर सही करू नये. नेमणुकीआधीपासून विश्वस्त असाल, तर रुजू होण्यापूर्वी त्या तारखेपर्यंतचे हिशेब तपासून घ्या, राजीनाम्याचा ठराव आणि चेंज रिपोर्ट करून घ्या, आणि बँकेतली सही काढून टाका. ही सही बहुतेकांच्या लक्षात राहत नाही; पुढच्या विश्वस्तांनी काढलेल्या चेकवर मग तुमचंच नाव चालू राहतं.