पहिली फुल मॅरेथॉन: घराच्या फाटकावरून पुढे पळा

पहिल्यांदा ४२.१९५ किमी पळणाऱ्याचं मन साधारण ३० किमीनंतर कच खातं. पाय चालत असतात, पण "बस झालं आता" सुरू होतं. त्याची तालीम लाँग रनमध्येच, म्हणजे सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावेतच, करून घ्या.

१. ३० किमीचा मार्ग असा आखा की २५ किमीला तुमचंच फाटक लागेल. तिथे न थांबता पुढे जा.
२. उरलेल्या ५ किमीसाठी नागपूरचा फुटाळा तलाव किंवा सेमिनरी हिल्स नको, तिथे मन रमतं. कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या मारा, एकट्याने, गाण्यांशिवाय. कंटाळाच हवाय.
३. मन कुरकुरलं की काय करायचं ते आधीच ठरवा: खांदे सैल, पावलं लहान, नजर पुढच्या विजेच्या खांबापर्यंत. रेसमध्ये हाच खांब म्हणजे पुढचा वॉटर पॉइंट.

असे दोन रन पुरेत. शेवटचा रेसच्या तीन आठवडे आधी. नागपूरचं ऊन बघता पहाटे साडेचारला निघा.

मात्र एकाच जागी टोचणारं दुखणं, छातीत दुखणं, चक्कर किंवा उन्हातही अंगावर काटा आला, तर तो मनाचा खेळ नव्हे. तिथेच थांबा.