वाड्यात ऊन आणायचं असेल तर

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममधलं घर खरं वाटत नाही असं कुणी म्हणालं की मी आधी त्याच्या घरात अंधार शोधते. बहुतेक वेळा तो नसतोच. भिंतीभिंतीला टॉर्च, जमिनीत ग्लोस्टोन, छतात सी लँटर्न. मग वरून एखादा भारी शेडर पॅक (खेळातला प्रकाश आणि सावल्या बदलणारी जोडणी) टाकला जातो, सगळं चकचकीत होतं आणि घर आणखीच शोरूमसारखं दिसायला लागतं.

मी जुन्या वाड्यांची मोजमापं घेऊन त्यांची ड्रॉइंग करते, आणि तेच वाडे खेळाच्या जावा आवृत्तीत बांधते. या दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालंय. दिसणाऱ्या प्रत्येक उजेडाला कारण हवं: एक तर आभाळाकडे उघडी जागा, नाहीतर पेटती ज्योत. शेडर त्यानंतर. म्हणून इथे मी एक चौकाचा वाडा धरून सांगते. तुम्ही कौलारू घर बांधत असाल किंवा किल्ला, हिशोब तोच.

आधी खेळाचं गणित समजून घ्या. माइनक्राफ्टमध्ये प्रकाशाच्या 0 ते 15 अशा पातळ्या आहेत, आणि दोन हिशोब वेगवेगळे चालतात: एक आभाळाच्या प्रकाशाचा, दुसरा दिव्यांचा. उघड्या आभाळाखाली पातळी 15. तिथून छपराखाली सरकलात की प्रत्येक ब्लॉकला एक कमी. तिरकं अंतर मोजायचं नाही. पुढे दोन आणि बाजूला दोन म्हणजे चार पावलं, चार पातळ्या कमी. एफ3 दाबलं की तुम्ही उभे असाल त्या जागेचे दोन्ही आकडे दिसतात. ते सतत बघायची सवय लावा.

आता महत्त्वाची गोष्ट: पातळी आणि दिसणारा उजेड सरळ प्रमाणात नाहीत. मूळ खेळात, ब्राइटनेसची पट्टी ‘मूडी’वर असताना, 12 पातळीला उजेड 15 च्या साधारण निम्मा होतो. 8 ला जेमतेम पाचवा हिस्सा उरतो आणि 5 ला नववा. म्हणून ब्राइटनेस आधी ‘मूडी’वर आणा, मगच बांधायला घ्या. ‘ब्राइट’वर ठेवून बांधलेल्या घराचे कोपरे कधीच नीट जमत नाहीत, कारण ते तुम्हाला दिसलेलेच नसतात.

हे आकडे वाड्यावर बसवून बघा. मी चौक नऊ बाय नऊ ब्लॉकचा धरते, त्याच्या चारही बाजूंनी दोन ब्लॉक रुंदीची ओसरी. चौकात 15. ओसरीच्या पहिल्या ओळीत 14, दुसऱ्या ओळीत 13. माजघराच्या दाराच्या उंबऱ्यावर 12, म्हणजे उजेड इथेच निम्म्यावर आला. आत चार ब्लॉक खोल माजघर असेल तर दारासमोर 11, 10, 9 आणि मागच्या भिंतीशी 8. तिथून बाजूला तीन ब्लॉक गेलात की कोपऱ्यात 5. एकही दिवा न लावता, एकही सेटिंग न बदलता, वाड्यात असतो तसा उजेडाचा उतार तयार झाला. चौक लख्ख, ओसरीत वाचता येईल इतका उजेड, माजघरात पाय टाकल्यावर डोळे सरावायला क्षणभर थांबावं लागेल असा काळोख. पुण्यात असाल तर दुपारी विश्रामबागवाड्यात जाऊन चौकाच्या कडेला उभं राहा आणि खोल्यांकडे बघा. नुसतं बघायचं, फोटो नंतर.

उजेड कमी पडला की दिवा लावायचा नाही. उघडी जागा बदलायची. चौक एका ब्लॉकने वाढवा, ओसरी अरुंद करा, मागच्या भिंतीत उंचावर एक झरोका काढा. झरोक्यात काच बसवली तरी प्रकाश अडत नाही. उलट अगदी काळोखच हवा असेल तर खेळाच्या 1.17 आवृत्तीपासून टिंटेड ग्लास आहे. तिच्यातून दिसतं, पण प्रकाश जात नाही. दारांपासून मात्र सावध राहा. खेळातलं बंद दारही प्रकाश अडवत नाही, ट्रॅपडोअरही नाही. कोठीची खोली काळीकुट्ट करायची तर दार लावून भागणार नाही, दारामागे भिंतीचं एक वळण द्यावं लागेल.

चौकाकडच्या छताला मी एक युक्ती करते. खऱ्या वाड्यात चौकातल्या फरशीवर पडलेलं ऊन उसळून ओसरीच्या कडीपाटाला खालून उजळवतं. बहुतेक शेडर पॅकना हा उसळता प्रकाश जमत नाही, त्यामुळे ओसरीचं छत सपाट आणि मेलेलं दिसतं. मी छताची चौकाकडची ओळ ओकच्या फिकट फळ्यांची करते आणि आतली स्प्रूसच्या गडद फळ्यांची. फरक थोडा असतो, पण डोळ्याला तो प्रकाशाचाच वाटतो. पाथ ट्रेसिंग करणारा पॅक वापरत असाल तर ही युक्ती काढून टाका, तिथे उसळणारा प्रकाश खरोखरच मोजला जातो.

आता दिवे. 1.18 पासून, म्हणजे 2021 च्या अखेरीपासून, ओव्हरवर्ल्डमध्ये (खेळातल्या नेहमीच्या जगात) राक्षस फक्त दिव्याच्या प्रकाशाची पातळी 0 असेल तिथेच उगवतात. त्याआधी ही मर्यादा 7 होती. जुन्या सवयीने दर सहा ब्लॉकवर टॉर्च ठोकणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं: सर्व्हायव्हलमध्येसुद्धा (जिथे जीव सांभाळत खेळावं लागतं) आता मंद घर सुरक्षित ठेवता येतं.

टॉर्च 14 देतो, लँटर्न आणि ग्लोस्टोन 15. हे वाड्याच्या रात्रीला फार झालं. माझा हात आधी मेणबत्तीकडे जातो. एका ब्लॉकवर एक ते चार मेणबत्त्या बसतात आणि पातळी 3, 6, 9, 12 अशी चढते. देवघरात एकच, कोनाड्यात. तिचा उजेड दोन पावलांत संपतो आणि तेच हवं असतं. जेवणाच्या खोलीत तीन. सोल लँटर्न 10 देतो, पण निळा असल्यामुळे मी तो घरात लावत नाही. चुलीसाठी कॅम्पफायर लोकांना आवडतो, धूर छान येतो, पण 15 ची पातळी अख्खं स्वयंपाकघर धुऊन काढते. तीन बाजूंनी बंद कोनाड्यात मॅग्मा ब्लॉक ठेवा. पातळी 3, विझत नाही आणि निखाऱ्यासारखा दिसतो.

वाड्यात वीज आलेली दाखवायची असेल तर 1.21 मधला कॉपर बल्ब. नवा असताना 15, मग गंज चढत जाईल तसा 12, 8 आणि शेवटी 4. हवी ती छटा आली की मधाच्या पोळ्याचा तुकडा घासून मेण चढवा, पुढे गंजणार नाही. जिन्याखाली मला 4 वाला बल्ब फार आवडतो.

गालिच्याखाली ग्लोस्टोन लपवण्याची युक्ती सर्वांना माहीत आहे. मूळ खेळात आणि साध्या शेडरमध्ये ती चालते, कारण गालिचा प्रकाश अडवत नाही. पण कारण न दिसणारा उजेड खोलीला खोटेपणा आणतो, म्हणून मी ती टाळते. शिवाय बेडरॉक या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या आरटीएक्समध्ये प्रकाशाचे किरण खरोखर मोजले जातात. तिथे गालिच्याखालचा दिवा गालिच्याखालीच राहतो.

इथवर आल्यावर शेडर. जावासाठी आयरिस हा शेडर चालवणारा मॉड घ्या. त्याच्या इन्स्टॉलरमधून खेळ वेगवान करणारं सोडियमही बसतं. पॅकची झिप शेडरपॅक्सच्या फोल्डरमध्ये टाकायची, उघडायची नाही. माझी पसंती कॉम्प्लिमेंटरी हा पॅक, त्यातलं रीइमॅजिन्ड. लॅपटॉप साधा असेल तर त्यातच ‘पोटॅटो’पासून वर जाणारी प्रोफाइल आहेत, खालून सुरू करून चढत जा. मशीन दमायला लागलं तर आधी रेंडर डिस्टन्स (किती लांबपर्यंतचं जग दिसतं ते) कमी करा, सावल्या शेवटपर्यंत राखा. सावली नसेल तर शेडर घेऊन उपयोग काय? ब्लूम (उजळ वस्तूंभोवतीचं वलय) निम्म्यावर आणा. उन्हाचे दिसणारे झोत अगदी कमी ठेवा.

आणि मग ज्या सेटिंगकडे जवळजवळ कुणी बघत नाही ते: सूर्याचा कल. मूळ खेळात सूर्य नेमका पूर्वेला उगवतो, बरोबर डोक्यावरून जातो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. म्हणजे तिथे रोजच शून्य सावलीचा दिवस असतो. पुणे साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे असा दिवस मेच्या मध्यात येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला, तेव्हा बहुधा ढगच असतात. मार्चच्या विषुवदिनी माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे सुमारे 18.5 अंश कललेला असतो, 22 डिसेंबरच्या सुमारास 42 अंश. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तर तो 5 अंश उत्तरेलाच गेलेला असतो. शेडरच्या सेटिंगमध्ये ‘सन अँगल’ शोधा आणि तुमच्या ऋतूचा जवळचा आकडा निवडा. बदलल्यावर एफ3 वर तोंडाची दिशा बघून खात्री करा. सूर्य उत्तरेकडे कलला असेल तर आकड्याचं चिन्ह उलटं करा. उगवती मात्र पूर्वेलाच राहते, थंडीतला आग्नेयेकडे सरकलेला सूर्योदय या सेटिंगने मिळत नाही.

याचा वाड्यावर काय परिणाम होतो बघा. दक्षिणेची इमारत सहा ब्लॉक उंच असेल तर 42 अंशांच्या कलाला तिची सावली माध्यान्ही चौकात सुमारे साडेपाच ब्लॉक पडते. उरलेल्या साडेतीन ब्लॉकांवर ऊन. तिथून ते उत्तरेच्या ओसरीत शिरतं. ओसरीची कड तीन ब्लॉक उंचीवर असेल तर पूर्ण फरशी ओलांडून आतल्या भिंतीच्या पायथ्याला टेकतं. कल शून्य केलात की ओसरीत उन्हाचा एक तुकडाही येत नाही. थंडीत उबदार आणि मेमध्ये गार अशी ही उत्तरेची ओसरी ड्रॉइंगवर मी किती वेळा मोजली आहे, पण तिचं काम मला डोळ्यांनी दिसलं ते या सेटिंगमुळे. तुमच्या गावाचा अक्षांश घ्या, त्यात 23.5 मिळवा, तो तुमचा डिसेंबरचा आकडा. नाशिकला तो सुमारे 43.5 येतो, नागपूरला 44.5 च्या आसपास, पणजीला 39.

दिव्यांना रंग हवा असेल तर पॅकमधला रंगीत प्रकाश चालू करा. मूळ खेळात सगळे दिवे एकाच छटेचा प्रकाश टाकतात, सोल लँटर्नसुद्धा. रंगीत प्रकाश चालू असताना फ्रॉगलाइट या दिव्याच्या ठोकळ्याचे पिवळा, हिरवा आणि जांभळट असे तिन्ही प्रकार आपापला रंग भिंतीवर टाकतात. दिवाळीत मी दिंडीदरवाजावर फ्रॉगलाइटचा आकाशकंदील करते आणि जोत्याच्या कडेने एकेक मेणबत्ती पणतीसारखी मांडते. आकाशकंदिलाची पातळी 15 आहे, म्हणून तो इतर दिव्यांपासून लांब ठेवा, नाहीतर पणत्या दिसणारच नाहीत.

बेडरॉकवर खेळणाऱ्यांसाठी जून 2025 मध्ये आलेलं व्हायब्रंट व्हिज्युअल्स आहे: सावल्या, प्रतिबिंबं, धुकं, सगळं खेळातच, वेगळं काही बसवावं लागत नाही. फोनवर मात्र ते निवडक, ताकदवान मॉडेलवरच चालतं.

बांधून झालं की गेमरूलमधून दिवसरात्रीचं चक्र थांबवा आणि ‘टाइम सेट’ कमांडने वाडा तपासा. एक तास म्हणजे 1000; 0 ला सकाळचे सहा, 6000 ला दुपारचे बारा, 18000 ला मध्यरात्र. मी 1500, 6000, 11000 आणि 18000 या चार वेळा बघते. सकाळी पश्चिमेच्या ओसरीत खांबांच्या लांब सावल्या पडल्या पाहिजेत, संध्याकाळी पूर्वेच्या. दुपारी माजघराच्या कोपऱ्यात काय ठेवलंय ते लगेच कळता कामा नये. मध्यरात्री देवघराच्या दारातून चौकाकडे बघा: वाट दिसत नसेल तर ओसरीच्या एका खांबापाशी एक मेणबत्ती वाढवा, आणि पुन्हा बघा.