मँगनीज-टिनच्या स्फटिकातील असंगत हॉल परिणाम कसा मोजावा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या ज्या महाविद्यालयात एम.एस्सी.चे विद्यार्थी जर्मेनियमचा हॉल प्रयोग करतात, तेथील विद्युतचुंबकावर प्रतिलोहचुंबकीय (ज्यात शेजारच्या अणूंचे चुंबकत्व एकमेकांना रद्द करते अशा) पदार्थातील असंगत हॉल परिणामही मोजता येतो. हॉल परिणाम म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवे निर्माण होणारे व्होल्टेज; ते बाह्य क्षेत्राऐवजी पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकीय रचनेमुळे आले, तर त्याला असंगत म्हणतात. त्यासाठी तीनास एक प्रमाणातील मँगनीज-टिनचा एकस्फटिक मात्र तो तयार करणाऱ्या प्रयोगशाळेकडूनच मिळवावा लागतो. टोकियो विद्यापीठातील सातोरु नाकात्सुजी यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवल्याप्रमाणे, या पदार्थाचे एकूण चुंबकन नगण्य असूनही इलेक्ट्रॉनांच्या पट्टरचनेतील बेरी वक्रतेमुळे (इलेक्ट्रॉनांना चुंबकीय क्षेत्रासारखे आडवे वळवणाऱ्या गुणधर्मामुळे) सामान्य तापमानालाच ठळक आडवे व्होल्टेज मिळते.

तुकडा कापण्यापूर्वी क्ष-किरणांनी दिशा निश्चित करावी. मँगनीजचे अणू ज्या कागोमे (कोपऱ्यांनी जोडलेल्या त्रिकोणांच्या जाळीच्या) प्रतलात असतात, त्या प्रतलातच चुंबकीय क्षेत्र असावे; ते प्रतलाला लंब दिल्यास हा परिणाम दिसत नाही.

सोन्याच्या बारीक तारा सिल्व्हर पेस्टने जोडाव्यात. खरी कसोटी इथे आहे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून १०० मिलिअँपिअर प्रवाह सोडल्यास हॉल व्होल्टेज दहा मायक्रोव्होल्टच्या आतच राहते, तर समोरासमोरच्या दोन जोडण्यांत ०.१ मिलिमीटरचा फरक पडला तरी साध्या रोधाचे व्होल्टेज त्याच्या कित्येक पट येते. प्रत्येक वाचन प्रवाहाची दिशा उलटवून दोनदा घ्यावे, म्हणजे तापमानातील फरकामुळे आलेले व्होल्टेज वजा होते. चुंबकीय रचना सुमारे ४२० केल्व्हिनपर्यंत टिकते, त्यामुळे भुसावळच्या मे महिन्याचीही तिला धास्ती नाही. कूलरचा झोत मात्र नमुन्यावर येऊ देऊ नये.

क्षेत्र अधिक ०.५ टेस्लापासून उणे ०.५ पर्यंत आणि पुन्हा परत न्यावे. हॉल व्होल्टेजचा चिन्हबदल काही शतांश टेस्लालाच होत असल्याने क्षेत्र चुंबकाच्या प्रवाहावरून न ठरवता नमुन्याजवळच्या गॉसमीटरवर वाचावे, कारण लोखंडी गाभ्यात अवशिष्ट चुंबकत्व राहतेच.

जोडण्यांतील फरकामुळे मिसळलेला साध्या रोधाचा वाटा काढून टाकताना बहुतेकांची गफलत होते. उतरत्या फेरीतील अधिक क्षेत्राच्या वाचनातून चढत्या फेरीतील तेवढ्याच उणे क्षेत्राचे वाचन वजा करून निम्मे करावे; एकाच फेरीतील दोन वाचने जुळवल्यास शून्य क्षेत्रावरील असंगत हॉल व्होल्टेजच पुसले जाते. उरलेल्या व्होल्टेजला जाडीने गुणून प्रवाहाने भागल्यावर हॉल रोधकता मिळते. ती काही मायक्रोओहम-सेंटिमीटरपेक्षा फारच कमी आली, तर आधी स्फटिकाची दिशा आणि मग मँगनीजचे प्रमाण तपासावे.