गणपतीला गावी जाताय, घरी मरीन टॅंक आहे, आणि मागे लाईट गेली तर?

माझा मरीन टॅंक, म्हणजे समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टॅंक, नेरूळच्या घरी हॉलमधे आहे, तीन फूट लांब, दीड रुंद, दीड उंच, म्हणजे काठोकाठ साधारण १९० लिटर, खाली कपाटात संप, म्हणजे टॅंकचं पाणी गाळायची दुसरी टाकी. गणपतीला आम्ही पाच-सहा दिवस घर बंद करून देवगडकडे जातो. पहिली दोन वर्षं काही झालं नाही म्हणून मी निवांत होतो, इन्व्हर्टर आहे ना मग कसली चिंता, आणि तिसऱ्या वर्षी चौथ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या वेळी शेजारच्या काकूंचा फोन. "अरे, तुझे मासे वर येऊन तोंड उघड-मीट करतायत, भूक लागली असेल म्हणून मी चिमूटभर दाणे टाकले बघ."

त्यांना भूक लागली नव्हती, त्यांचा श्वास कोंडला होता.

झालं असं की लाईट बिल्डिंगमधे होती, नेरूळमधे होती, फक्त माझ्या घरात नव्हती. टॅंकमागच्या एक्स्टेंशन बोर्डावर मिठाचे पांढरे पोपडे धरले होते, त्यात पावसाळी दमट हवा, रात्री कधीतरी आरसीसीबी (करंट लीक झाला की लाईन तोडणारा स्विच) पडला. मग इन्व्हर्टरने गाडी ओढली, पण निघायच्या घाईत हॉलचा पंखा चालू राहिलेला, तोही इन्व्हर्टरच्याच लाईनवर. पंखा ७५ वॅट, पंप २० वॅट, इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळं, आणि बॅटरी चार वर्षं जुनी. सकाळपर्यंत खेळ खलास. काकू तुळशीला पाणी घालायला आल्या म्हणून कळलं तरी. दोन्ही क्लाऊन मासे वाचले, फ्लेम एंजल मासा आणि दोन्ही क्लीनर श्रिंप (कोळंब्या) गेले. (फ्रीजरमधल्या बांगड्यांचं काय झालं ते विचारू नका.)

तर तेव्हापासून मी काय करतो ते सगळं लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, लाईट गेल्यावर मासे मरतात ते ऑक्सिजन संपून. हीटर, दिवे, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) हे सगळं नंतर. खाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, २५ डिग्रीला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलीग्रॅम तर समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास, आणि पाणी ३० डिग्रीला गेलं की ६.२. आणि तो पाण्यात शिरतो फक्त वरच्या थरातून, वरचं पाणी हलत राहिलं तरच. पंप थांबला की वरचा थर तसाच पडून राहतो आणि खाली मासे, दगडांतले बॅक्टेरिया, वाळूतले किडे सगळे मिळून शिल्लक माल संपवतात. मासे मोजके असतील तर चार-सहा तास निघतात, ठासून भरलेला टॅंक असेल तर दोन तासांत मासे वर दिसायला लागतात. रात्री अजून वाईट, कारण अंधारात शेवाळसुद्धा ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे पातळी सगळ्यात खाली असते.

हे मला खरं कळलं १२ ऑक्टोबर २०२० ला. ग्रिड बसली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे सकाळी दहाच्या सुमारास लाईट गेली तो दिवस. तेव्हा वर्क फ्रॉम होम असल्याने मी घरी होतो, इन्व्हर्टर नव्हता, आणि काही तास स्टुलावर बसून मगने पाणी काढून एक फुटावरून परत ओतत होतो. दर दहा मिनिटांनी वीस-पंचवीस मग. हात भरून आला पण एक मासा गेला नाही. म्हणजे फुकटचा मग हा सगळ्यात भरवशाचा बॅकअप, फक्त तो धरायला घरात माणूस पाहिजे, आणि आपण तर गावी.

म्हणून माणसाच्या जागी काय ठेवायचं ते.

सगळ्यात आधी बॅटरीवाला एअर पंप, तो सुद्धा लाईट गेली की आपोआप सुरू होणारा. भिंतीच्या प्लगला लावून ठेवायचा, लाईट आहे तोवर चार्ज होत बसतो, गेली की बुडबुडे सुरू. क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत मिळतो, ऑनलाईनही मिळतो. दोन घ्या, एक बिघडला तर दुसरा. आता यात एक खोच आहे, हा पंप बहुतेक जण टॅंकखालच्या कपाटात ठेवतात, आणि पंप बंद असताना नळीतून टॅंकचं पाणी उलटं खाली येऊन पंपातच जातं, म्हणजे लाईट जायच्या आधीच पंप मेलेला. एक तर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, वडापावच्या पैशात येतो. एअर स्टोनही (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड) बोर्डापासून लांबच्या कोपऱ्यात सोडा, खाऱ्या बुडबुड्यांचे शिंतोडे जिथे उडतात तिथे मीठ धरतं, आणि मग माझ्यासारखी गत.

यूएसबीचा छोटा एअर पंप पॉवरबँकवर चालवायची आयडिया चांगली वाटते, हिशोबही जमतो, २०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ७४ वॅट-तास, त्यातले ६० हाताशी येतात असं धरा, पंप दीड वॅटचा, कागदावर ४० तास. पण बऱ्याच पॉवरबँका एवढा कमी लोड असला की फोन भरला असं समजून स्वतःच बंद होतात. आणि काही मॉडेल एकीकडे चार्ज होताना दुसरीकडे आउटपुट देतच नाहीत. मी एक अशीच घेऊन फसलो, वीस मिनिटांत बंद. त्यामुळे घरी पूर्ण दिवस चालवून बघितल्याशिवाय भरवसा नको.

त्याच्या वरची पायरी म्हणजे डीसी वेव्हमेकर (टॅंकमधलं पाणी फिरवत ठेवणारा छोटा पंप), १२ किंवा २४ व्होल्टचा, ज्याला बॅटरी बॅकअप जोडता येतो. संगणकाच्या यूपीएसमधे असते तशी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास, लेड-ॲसिड असल्यामुळे निम्मीच वापरायची असं धरलं तरी चार वॅटवर हळू फिरणारा वेव्हमेकर दहा तास जातो. तोंड वरच्या बाजूला वळवून ठेवा, पाण्याचा पृष्ठभाग थरथरला पाहिजे. कॉम्प्युटरचा अख्खा यूपीएस मात्र लावू नका, तो स्वतःच इतकं खातो की छोट्या पंपाला काही उरतच नाही, शिवाय रात्रभर टी-टी करून शेजाऱ्यांच्या शिव्या वेगळ्या.

घरचा इन्व्हर्टर असेल तर उत्तमच, पण हिशोब करा. १५० एएच ची १२ व्होल्ट बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, जुनी असेल तर अर्धी धरा, ९००. वेव्हमेकर आणि एअर पंप मिळून १५ वॅट, इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च १५-२० वॅट, म्हणजे दिवसभर सहज निघतो. त्यातच पंखा घातला की आठ तास. म्हणून निघताना इन्व्हर्टरच्या लाईनवरचं टॅंक, राऊटर आणि कॅमेरा सोडून एकूण एक बटण बंद, देवघरातला बल्बसुद्धा. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघा. चिलर इन्व्हर्टरवर टाकायचा मोह आवरा, मेन पंपही शक्यतो नकोच. आणि स्क्वेअर वेव्हवाला जुना इन्व्हर्टर असेल तर एसी पंप गुरगुरतात, तापतात, साईन वेव्ह पाहिजे. सोसायटीच्या जनरेटरवर विसंबू नका, आमच्याकडे त्यावर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे एवढंच चालतं, घोडबंदरच्या टॉवरमधे मेव्हणा राहतो त्याच्याकडेही तेच.

आता वायरिंग, जे मला महागात पडलं. टॅंकच्या मागे हात घालून बोर्ड बाहेर काढा, अर्थात मेन बंद करून, आणि बघा पांढरं काही धरलंय का. धरलं असेल तर बोर्ड सरळ बदला, पुसून वापरू नका. नवीन बोर्ड भिंतीवर उंच लावा, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली एक झोका घेऊन वर जाईल अशी ठेवा म्हणजे ओघळ आला तरी झोक्याच्या तळाशी टपकतो, प्लगमधे जात नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून टॅंकसाठी वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकात असलेला स्विच) टाकून घ्या, म्हणजे टॅंकचं काही लीक झालं तर फ्रीज आणि इन्व्हर्टरचं चार्जिंग चालू राहतं. ऑटोमॅटिक बॅटरी पंप मात्र त्या टॅंकच्याच लाईनवर लावा, नाहीतर टॅंकची लाईन पडलेली त्याला कळणारच नाही. इन्व्हर्टरच्या आउटपुटला पण संरक्षण आहे का ते त्यालाच विचारा, बऱ्याच घरांत नसतं. आणि कोणी म्हणालं की सारखा पडतो तर आरसीसीबी बायपास करून देतो, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खाऱ्या पाण्यात हात घालतो आपण.

संप असेल तर अजून एक. लाईट गेली की रिटर्न पाईपमधून (संपचं पाणी वर टॅंकमधे नेणारा पाईप) पाणी उलटं संपमधे उतरतं. पंप बंद करून पाणी कुठवर चढतं ते बघा, संप काठाशी येत असेल तर चालू अवस्थेतली पातळी कमी करा आणि मार्करने रेघ मारून ठेवा, त्या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही. रिटर्न पाईपला हा उलटा ओढा (सायफन) तोडायचं भोक असतं ते शेवाळाने बुजतं, टूथपिकने मोकळं करा.

हे सगळं केलं की निघायच्या आधीच्या रविवारी, नाश्ता झाल्यावर, मेन स्विच खाली करा. खरोखर करा. आणि पेपर घेऊन टॅंकसमोर बसा. एअर पंप आपणहून चालू झाला का, बुडबुडे किती वेळ तेवढेच राहिले, इन्व्हर्टर कितीला रडायला लागला, संप वाहिला का. पॅकेटवर दहा तास लिहिलेला माझा पंप साडेसहा तासांत दम टाकून बसला, हे मला घरी कळलं म्हणून बरं. मग लाईट परत चालू करा आणि तेही बघा, कारण स्किमर सुरू होताना हमखास उफाळतो आणि कप भरून वाहतो. मी गावी जाताना स्किमर थोडा खालीच सेट करून ठेवतो.

बंद घरात गरमी वाढते, पण तिची भीती जरा कमी बाळगा. पाणी हळूहळू ३० डिग्रीपर्यंत गेलं तर बहुतेक मासे निभावून नेतात, फक्त हवा चालू पाहिजे. काचेचं झाकण काढून वर जाळी टाका, उडी मारणारे मासे असतील तर नक्कीच. कूलिंग फॅनवाल्यांचं पाणी रोज लिटर-दोन लिटर उडतं आणि मीठ तिथेच राहतं, म्हणून टॉप-अपच्या (उडालेलं पाणी भरून काढायच्या) बादलीत पाच दिवसांचं आरओचं पाणी पाहिजे, खारं नव्हे.

खाणं. निघायच्या दोन आठवडे आधीपासून नवीन मासा आणायचा नाही, दोन-तीन दिवस आधी पाणी बदलायचं, शेवटच्या दिवशी अर्धंच खायला घालायचं, आणि ऑटो फीडर काढून कपाटात. धडधाकट क्लाऊन पाच दिवस उपाशी आरामात राहतो. दिवसातून चार वेळा खाणारे अँथियास मासे असतील तर गोष्ट वेगळी, मग मात्र रोज येणारं माणूस बघा. बंद पडलेल्या टॅंकमधे पडलेला प्रत्येक दाणा कुजताना ऑक्सिजनच खातो.

आता कळणार कसं? महावितरण रजिस्टर्ड मोबाईलवर शटडाऊनचे मेसेज पाठवतं, तुमचा नंबर जोडलेला आहे का बघा, पण माझ्यासारखा घरातलाच स्विच पडला तर कोण मेसेज करणार. मी असं केलंय, राऊटर आणि कॅमेरा इन्व्हर्टरवर, आणि एक स्मार्ट प्लग टॅंकच्या लाईनवर, इन्व्हर्टर सोडून. ॲपमधे प्लग ऑफलाईन आणि कॅमेरा चालू दिसला की समजायचं टॅंकची लाईट गेलीय. आमच्या वाडीत नेटवर्कसाठी आंब्याच्या कलमांपर्यंत चढून जावं लागतं, म्हणून तेच ॲप ठाण्यातल्या भावाच्या फोनवरही टाकून दिलंय, आणि त्याच्याकडे काकूंचा नंबर.

काकूंसाठी काचेवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला कागद, जसाच्या तसा:

"काकू, मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर भूक नाही, हवा पाहिजे. खायला काही घालू नका. आधी मला फोन, नाही लागला तर भावाला. बोर्डाला, वायरला हात लावू नका. लाल मगने पाणी काढून उंचावरून परत ओता, वीस वेळा, मग दहा मिनिटं बसा, परत वीस वेळा. पाणी फार गरम लागलं तर फ्रीजरमधली एक बाटली, झाकण घट्ट लावलेली, तशीच पाण्यात सोडा. एका वेळी एकच."

आणि फक्त कागद देऊन भागत नाही, एकदा त्यांच्या हाताने मग मारून घ्या. काकू म्हणाल्या "एवढंच ना रे, एवढं तर मी कढी पण वरखाली करते."

परत आल्यावर लाईट जाऊन गेल्याचं कळलं तर लगेच सगळं सुरू करत सुटू नका. कॅनिस्टर फिल्टर (बंद डब्यातला फिल्टर) कित्येक तास बंद राहिला असेल तर आतलं पाणी सडलेलं असतं, उघडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, ते पाणी टॅंकमधे गेलं तर वाचलेलेही जातील. ओतून द्या, मीडिया (आतलं गाळण्याचं सामान) टॅंकच्या पाण्यात धुवा, मगच लावा. मेलेलं काही असेल ते शोधून काढा, दगडांमागे सुद्धा. अमोनिया टेस्ट करा, थोडा जरी दिसला तरी पाणी बदला, आणि यासाठीच निघायच्या आधी ४० लिटर खारं पाणी, लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन टॅंकचं मीठ, पिंपात कालवून झाकून ठेवायचं, कारण रात्री अकराला कोकणातून येऊन आरओ भरायला कोणाच्या अंगात त्राण नसतं. खाणं दुसऱ्या दिवशी, तेही थोडंच.

आणि काकूंना मालवणी खाजं आणायला विसरू नका, किल्ली पुढच्या वर्षीही त्यांच्याकडेच द्यायचीय.