सईसांच्या मुलांची शिष्यवृत्ती अडते कुठे? या चुका टाळा

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. घोडे हलले की सईस (घोड्यांची देखभाल करणारे), रायडिंग बॉय (सरावाला घोडा पळवणारे), नालबंदही हलतात. नेमके तेव्हाच कॉलेजचे प्रवेश आणि महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) अर्ज चालू असतात, आणि तिथेच घोळ होतो.

सगळ्यात जास्त नडतं ते आधार सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे यावेत म्हणून आधार एका बँक खात्याला जोडणं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे काम झालं, असं लोक धरून चालतात. डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे मात्र आधार शेवटचं ज्या खात्याला सीड झालंय, तिथेच जातात. ओळखीतल्या एका सईसाची मुलगी बी.कॉम.ला होती. अर्ज मंजूर, पोर्टलवर रक्कम जमा, पासबुकात मात्र एक रुपया नाही. बाप तबेल्यातलं काम टाकून बँकेच्या खेपा घालत राहिला. शेवटी कळलं, ती पुण्यात शाळेत असताना कुणीतरी खातं उघडून दिलं होतं आणि सीडिंग त्याच खात्याचं राहिलं होतं. खातं कधीचं बंद पडलेलं, पासबुकाचा पत्ता नाही. केवायसी होऊन पैसे हातात येईपर्यंत परीक्षेची फी उसनवारीवर भरली. म्हणून मी अर्ज उघडण्याआधी आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघतो. हे केल्याशिवाय पुढे जातच नाही.

दुसरं, ओटीपी. मुलगा मुंबईत, आधारला जोडलेला मोबाइल बापाकडे पुण्यात, आणि बाप पहाटेपासून घोडा घेऊन ट्रॅकवर. फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. हंगाम हलण्याआधी आधार केंद्रात जाऊन मुलाचा स्वतःचा नंबर जोडून घ्या.

सायबरवाल्याला शंभर-दोनशे देऊन मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. पासवर्ड त्याच्याकडे, ईमेल त्याचा; त्रुटी काढून अर्ज परत आला तरी घरात कुणाला पत्ता नसतो. तासभर बसा, स्वतः भरा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच लागतो, ज्याच्या तबेल्यात काम करता त्या ट्रेनरची चिठ्ठी चालत नाही. बक्षिशी लपवून आकडा कमी दाखवू नका.

डोमिसाइलला (राज्यातल्या रहिवासाच्या दाखल्याला) महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. राजस्थान-यूपीकडून आलेल्या घरांनी जुनी गुणपत्रकं, बोनाफाइड फेकू नयेत.

आठवीतल्या मुलांची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा तर बहुतेकांना माहीतच नसते. मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत आणि उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फॉर्म शाळेतूनच भरला जातो, तेव्हा आठवीचा वर्ग सुरू झाला की मुख्याध्यापकांना जाऊन विचारा.