विमानात बसायची भीती वाटते? आधी हे वाचा

सीट पंखाजवळची घ्या, शेपटाकडे धक्के जास्त जाणवतात, आणि जमलं तर सकाळची फ्लाइट, कारण दुपारी जमीन तापली की हवा वर उसळते न विमान हलतं. टेकऑफनंतर धप्प आवाज येतो ती चाकं आत जातात, मग इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो न पोटात गोळा येतो, पण पायलटने पॉवर मुद्दाम कमी केलेली असते, इंजिन बंद नाही पडलेलं, हे माहीत असलं ना की खूप फरक पडतो बघा. पावसाळ्यात मुंबईला उतरताना ढगांत धक्के बसतातच, पट्टा घट्ट ठेवा, 4 मोजत श्वास आत, 6 मोजत बाहेर. कॉफी त्या दिवशी नकोच. आणि चढतानाच क्रूला सांगून टाका भीती वाटते म्हणून, अजिबात लाजू नका.