रेस्टॉरंट चेनच्या हेड ऑफिसात नवीन लागलात? आधी स्टोअरला जा

जॉइन झाल्या झाल्या लॅपटॉप मिळतो, मेल आयडी मिळतो आणि आपण एक्सेल उघडून बसतो. तसं करू नका. एचआरने इंडक्शनला दोन दिवस स्टोअर दिलं असेल तर मागे लागून पंधरा दिवस करून घ्या, मग तुम्ही फायनान्सचे असा नाहीतर आयटीचे. सकाळी माल उतरतो तेव्हा उभं राहा, दुपारचा रश अंगावर घ्या, रात्री क्लोजिंगला सगळ्यांसोबत स्टॉक मोजा.

मी फूड कॉस्ट बघतो, त्यातलंच सांगतो. रेसिपीत एका सँडविचला 40 ग्रॅम चीज, 200 सँडविच विकले म्हणजे 8 किलो लागायला हवं, आणि स्टोअरने वापरलंय 9 किलो. हा वरचा एक किलो म्हणजे व्हेरियन्स. ऑफिसात बसून पहिला विचार येतो चोरीचा. मी पण तसाच खरमरीत मेल टाकलेला, नंतर स्वतः गेलो तर वजनकाट्याची बॅटरी आठवडाभर बंद, पोरं मुठीने चीज टाकत होती, नवीन काट्याची रिक्वेस्ट आमच्याच परचेसकडे अडकलेली. तेव्हापासून आकडा वाकडा दिसला की आधी फोन, मग मेल.

जीएसटी नीट समजून घ्या, इथे भलेभले फसतात. साध्या रेस्टॉरंटला 15 नोव्हेंबर 2017 पासून 5 टक्के, पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे दुकानाचं भाडं 4 लाख असेल तर त्यावरचा 18 टक्के जीएसटी, 72 हजार, परत मिळत नाही, तो सरळ खर्च. दुसऱ्या इंडस्ट्रीतून आलेली माणसं हे विसरतात आणि नवीन स्टोअरचं गणित कागदावर उगाच छान दिसतं.

मार्केटिंगला असाल तर मेन्यूवरचा एक शब्दही क्वालिटीवाल्यांना दाखवल्याशिवाय छापू नका. दहा किंवा जास्त आउटलेट असलेल्या चेनला मेन्यूवर कॅलरी द्याव्याच लागतात, त्यामुळे सॉस बदलला की तो आकडा पण तपासायचा, अॅलर्जीची माहिती पण. कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी असते हो, हे खरंच जिवावरचं काम आहे.

बाकी मीटिंगा, पीपीटी वगैरे सगळीकडे असतं तसंच.

नवीन ऑफर शुक्रवारी संध्याकाळी चालू करू नका, पीओएसमध्ये, म्हणजे बिलिंगच्या सिस्टिममध्ये, बटण चुकलं तर पूर्ण वीकेंड काउंटरवरची मुलगी शिव्या खाते आणि ऑफिसला कुलूप असतं. सोमवारी दोन स्टोअरला लावा, बिल काढून बघा, मग बाकीकडे. आणि शनिवार-रविवार मॅनेजरकडे रिपोर्ट मागायचा नाही. मंगळवारी सकाळी अकराच्या आत फोन करा, तेव्हा तो निवांत असतो, कुठे काय बिघडलंय ते मोकळेपणाने सांगतो.